गावंडे काकूंचे ड्रॅगन

गावंडे काकूंनी मुलांसाठी पुस्तकं निवडणं सोडलं, ते माझ्यामुळे. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर काकूंच्या गमती सांगता सांगता मी हळूच बाजूला सरकेन. ती माझी जुनी सवय आहे.

अमरावतीच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. काकू आमच्याकडे आल्या त्या झाडलोटीला. वलगावला त्यांचं भाजीचं शेत होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू. तीस वर्षं त्यांनी बाजारात बसून भाजी विकली. पुढे मुलानं अकोल्याला फुलांचं दुकान टाकलं, नवऱ्याचे गुडघे गेले, शेत दुसऱ्याला कसायला दिलं, आणि घरात बसवेना म्हणून काकू आमच्याकडे लागल्या. शिक्षण किती, असं मी अर्जात लिहायला विचारलं तर म्हणाल्या, ‘‘सातवी पास. थेबी मास्तरच्या मेहेरबानीनं.’’

बालविभाग मागच्या खोलीत होता. दोन लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. एका रविवारी एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्याला ड्रॅगनचं पुस्तक हवं होतं. ड्रॅगन सोडून दुसरं काही चालत नव्हतं. मी कपाटातलं सगळ्यात देखणं पुस्तक काढलं. जाड, गुळगुळीत, पानभर ज्वाळा. दहा मिनिटांत पोरगं टेबलाखाली जाऊन रडायला लागलं. आई म्हणाली, ‘‘अरे, तुलाच पाहिजे होता ना?’’ काकूंनी झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि टेबलाखाली शिरल्या. आतून त्यांचा आवाज आला.

‘‘तुहा ड्रॅगन झोपते कुठं रे?’’

पोरगं हुंदके देत म्हणालं, ‘‘माझ्या पलंगाखाली. पण तो चांगला आहे.’’

काकू बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘सर, त्याचा घरात झोपते. तुमी त्याले बाहेरचा आनून देल्ला.’’

मग त्यांनी खालच्या फळीवरून एक बारीकसं, कोपरे झिजलेलं पुस्तक काढलं. त्यातला ड्रॅगन एका घरात राहायचा आणि सकाळी सगळ्यांना अंघोळीचं पाणी तापवून द्यायचा. पोरानं ते तीनदा वाचून घेतलं. आई हसत गेली. मी जाड पुस्तक परत कपाटात ठेवलं. झाडलोट करता करता काकूंनी अख्खं कपाट वाचून काढलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून ड्रॅगनवाली मुलं काकूंकडे जाऊ लागली. आणि ड्रॅगनवाली मुलं पुष्कळ असतात, हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं. काकूंची पद्धत साधी होती. पुस्तकाला हात लावायच्या आधी मुलाशी बोलायचं. मी एकदा विचारलं, त्यात एवढं काय विचारायचं? ड्रॅगन हवा म्हणजे ड्रॅगन हवा. काकूंनी मला समजावून सांगितलं ते असं:

‘‘एक बाई येते, म्हनते वांगं द्या. तिले भरीताले पाह्यजे. दुसरी येते, म्हनते वांगं द्या. तिले भरून कराले पाह्यजे. न इचारता देल्लं तं दुसऱ्या दिवशी येऊन भांडते. पोट्टे भांडत नाईत, सर. थे पुस्तक ठेवून देतेत आन पुन्हा येत नाईत.’’

ज्याचा ड्रॅगन घरात झोपतो त्याला सोबती हवा असतो. त्याला मैत्रीची गोष्ट. ज्याचा डोंगरावर झोपतो त्याला लढाई. ज्याला नुसते पंख आवडतात त्याला लांब प्रवासाचं काहीतरी, नकाशा असलेलं. आणि जे मूल ‘माहीत नाही’ म्हणतं, त्याला अंडं. म्हणजे अंड्यातून ड्रॅगन निघण्याची गोष्ट नाहीतर अंडं रंगवायचं पुस्तक. ‘‘निंगल तवा पाहू,’’ काकू म्हणायच्या.

काकूंना कृतीची पुस्तकं गोष्टींपेक्षाही आवडायची. रंगवा, ठिपके जोडा, वाट शोधा, कापा आणि चिकटवा. पण अडचण अशी की पहिल्याच मुलानं भुलभुलैयातली वाट पेनानं काढली की पुस्तक संपलं. वाचनालयानं ते दुसऱ्याला द्यायचं कसं? म्हणून मी ही पुस्तकं घेतच नसे; भेट आलेली चार-पाच तेवढी होती. काकूंनी तोड काढली. प्रत्येक पुस्तकाला दोऱ्यानं एक चिमटा बांधला आणि बटर पेपर आणून ठेवला. पानावर बटर पेपर लावायचा, वाट त्याच्यावर काढायची, वर नाव लिहायचं आणि कागद काकूंना द्यायचा. पुस्तक कोरंच्या कोरं. मात्र ही पुस्तकं घरी न्यायची नाहीत, कारण घरी गेली की बटर पेपर कोण लावतंय. त्यामुळे मुलं टेबलाशीच बसायची, गोष्टीही तिथेच वाचायची, आणि वाचनालयाच्या रजिस्टरात, जिथे फक्त घरी नेलेलं पुस्तक लिहितात, त्यांची नोंद कधी व्हायचीच नाही. तेव्हा कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

कागद काकू फेकत नसत. कुठलं मूल वाट कशी काढतं, कुठे अडतं, घाईत भिंती ओलांडतं का, हे त्या कागदांवरून त्यांना कळायचं आणि पुढचं पुस्तक त्यावरून ठरायचं. हार ओवायच्या दोऱ्यानं गठ्ठे बांधून त्यांनी ते खताच्या एका धुतलेल्या पोत्यात भरले होते. पोतं माळ्यावर असे.

एका वर्षी समितीनं बालविभागाला नवी पुस्तकं मंजूर केली आणि मी काकूंना अकोल्याच्या प्रदर्शनात घेऊन गेलो. तिथे सलीमभाई नावाचे एक विक्रेते होते. काकूंनी त्यांच्या टेबलावरचं पहिलं पुस्तक उचललं, पान उजेडासमोर धरलं, बोट ओलं करून कोपऱ्यातला रंग घासून पाहिला, मधलं पान पिनेजवळ हलकेच ओढलं. पाच-सहा पुस्तकं अशी झाल्यावर सलीमभाईंना राहवेना.

‘‘बाई, किताब ले रहे या भेंडी?’’

‘‘भेंडी असती तं मोडून पाह्यली असती, भाऊ. आता तं नुसता हात लावून राह्यली.’’

मग काकूंनी एकेक पुस्तक उलगडून दाखवलं. एकात चाळीस पानं होती, पण ड्रॅगन एकच. पहिल्या पानावर त्याला टोपी घातलेली, पाचव्यावर काढलेली. एकात कोड्याचं उत्तर कोड्याच्याच खाली छापलेलं. एकात ड्रॅगनचा मुखवटा कापायचा होता आणि त्याच पानाच्या मागे गोष्टीचा शेवट होता. ‘‘मुखवटा कापला का गोष्ट मेली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पोट्ट्यानं काय कराव? मुखवटा घालून रडाव?’’ एकात चिकटवायची चित्रं इतकी बारीक की चार वर्षांच्या बोटांना ती सुटूच नयेत, आणि वर लिहिलेलं, चार वर्षांपासून पुढे. सलीमभाईंनी आधी वाद घातला, मग स्टूल दिलं, मग चहा मागवला. दुपारनंतर ते स्वतःच पानं उजेडासमोर धरून बघत होते. आम्ही निघताना मला म्हणाले, ‘‘साहब, इन को कहाँ छुपा के रखा था?’’

मी हसलो. पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य मला टोचत राहिलं. काकू शेजारी बसून मांडीवरची पुस्तकं पुन्हा पुन्हा चाळत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात माझ्या पदव्या मोजत होतो.

त्या पुस्तकांमध्ये एक भुलभुलैयाचं होतं, आणि जोयामुळे ते मला विसरता येत नाही. जोया सात वर्षांची, मोठ्या भावंडांबरोबर यायची, कुणाशी बोलायची नाही. काकूंनी तिला त्यांचा प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी विचारला, नाही. तिसऱ्या रविवारी ती काकूंच्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘अम्मी की मशीन के नीचे.’’ तिची आई शिवणकाम करायची. काकू बराच वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी गोष्टीचं पुस्तक न देता भुलभुलैया दिला. मध्ये ड्रॅगन झोपलेला, पलीकडे खजिना. जोयानं तोच भुलभुलैया नऊ वेळा सोडवला. दरवेळी खजिन्याकडे जाणारी जवळची वाट सोडून ती लांबून, कडेकडेनं जायची. मी विचारलं, अगं, ही सरळ वाट आहे ना? ती म्हणाली, ‘‘वो उठ जाएगा.’’ काकूंनी तिच्या नऊ कागदांचा वेगळा गठ्ठा बांधला.

हे सगळं मी पाहिलं होतं. म्हणूनच पुढचं अजाणता घडलं असं मला म्हणता येत नाही.

दिवाळीच्या आधी वाचनालयाची सफाई होती. काकू त्या दिवशी वलगावलाच घरी राहिल्या होत्या. सकाळी एका आईचा फोन आला: ‘‘काकू आहेत का? नाहीत? मग राहू द्या, नंतर येते.’’ मी म्हटलं, मी आहे, ग्रंथपाल. ‘‘नाही, नाही, काकूच हव्यात.’’ फोन ठेवून मी माळ्यावर चढलो. पाण्याच्या टाकीमागे, उजव्या कोपऱ्यात ते पोतं होतं. खाली घंटागाडी आली होती. मी पोतं ओढलं आणि खाली दिलं. गाडीवाल्यानं पोत्याचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, कागदं हाये ना हे, कचऱ्यात काहून टाकता?’’ मी म्हटलं, ‘‘टाक.’’

इतकंच. एक शब्द.

दोन महिन्यांनी समितीची बैठक झाली. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली जिन्यात बसून अभ्यास करत होती; त्यांना खोली हवी होती, आणि मागणी खोटी नव्हती. मागची खोली अभ्यासिकेला द्यावी का, असा विषय निघाला. अध्यक्षांनी विचारलं, बालविभागात मुलं किती येतात? रजिस्टर उघडलं, पानं जवळजवळ कोरी. काकूंना बोलावलं. त्या जराही गडबडल्या नाहीत. ‘‘माह्याकडं पुरावा हाये,’’ म्हणाल्या आणि माळ्यावर गेल्या.

वीस मिनिटांनी खाली आल्या तेव्हा केसांत जाळं अडकलं होतं आणि चेहरा उतरला होता. ‘‘नाई सापडत. मीच कुठंतरी ठेवलं असन.’’

अध्यक्ष भला माणूस. समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘काकू, वय झालं की होतं असं.’’

इतिवृत्त मी लिहीत होतो. मी लिहिलं: ‘बालविभागाच्या वापराची नोंद आढळली नाही.’ वाक्य खरं होतं. आजवर मी लिहिलेल्या वाक्यांत त्याच्याइतकं खोटं दुसरं नाही.

खोली गेली, पुस्तकांची कपाटं जिन्याखाली कुलपात गेली. पण खोली जाणं हे अर्धंच होतं. काकूंनी वलगावचं घर पालथं घातलं, खाटांखाली पाहिलं. मला तीनदा विचारलं, ‘‘सर, मी थे पोतं कुठं ठेवलं असन?’’ आणि मी तिन्ही वेळा म्हणालो, ‘‘आठवून पाहा.’’ तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. तळहातावर पेनानं लिहून ठेवू लागल्या. कुणी ड्रॅगनचं पुस्तक मागितलं तर म्हणायच्या, ‘‘सरले इचारा. माह्यं आता ध्यान राह्यत नाई.’’ काही दिवसांनी त्या मुलाकडे अकोल्याला गेल्या. निरोप घेताना मला पिशवीभर मेथी दिली.

या उन्हाळ्यात जोया आली. आता अकरा वर्षांची, घडाघडा बोलणारी, हाताला धरून सहा वर्षांचा भाऊ. ‘‘सर, इसको ड्रॅगन की किताब होना. वो आजी किधर है?’’ मी म्हटलं, अकोल्याला. ‘‘और मेरे नौ पेपर? इसको दिखाने थे.’’ भाऊ मध्येच मला म्हणाला, ‘‘ड्रॅगन के दाँत गिरते क्या?’’ मी जिन्याखालच्या कुलूपबंद कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक दिलं. त्यानं ते दोन पानं उलटून मला परत दिलं, अगदी अदबीनं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना सगळं लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. ‘‘चार वर्षांनी?’’ म्हणाले. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले की अभ्यासिका आता हलवता येणार नाही, पण रविवारी सकाळी व्हरांड्यात मुलांचं टेबल लावायला हरकत नाही. ‘‘मात्र बसणार कोण? तुम्ही?’’ त्या ‘तुम्ही’त जे होतं ते मी निमूटपणे घेतलं आणि अकोल्याची बस पकडली.

काकूंचा मुलगा सुनील दुकानात होता. काकू आत पाटावर बसून शेवंतीचा हार ओवत होत्या. ‘‘या सर, बसा. आता तुमचं नाव इसरली मी, राग मानू नका.’’ काकूंनी माझं नाव कधी घेतलंच नव्हतं. विसरायला ते माहीत तरी कुठे होतं. भिंतीवर पाटी टांगलेली आणि तिच्यावर खडूनं लिहिलेलं: गॅस बंद करने. गोळी घेने. किल्ली. सुनील म्हणाला की डॉक्टर म्हणतात आईला काहीसुद्धा झालेलं नाही, पण आई ऐकत नाही. नात चित्राचं पुस्तक मागते तरी निवडून देत नाही, सुनेला पाठवते.

मी बसमध्ये सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

‘‘काकू, ते पोतं तुम्ही हरवलं नाही. मी घंटागाडीत टाकलं. मुद्दाम. लोक तुम्हाला विचारायचे, मला नाही, म्हणून.’’

सुई थांबली. ‘‘माळ्यावरचं?’’

‘‘हो.’’

‘‘टाकीच्या मांगचं? उजव्या कोपऱ्यातलं?’’

‘‘हो.’’

‘‘म्हंजे मी तिथंच ठेवलं होतं.’’

‘‘तिथंच होतं.’’

काकूंनी मान वळवून हाक मारली, ‘‘सुन्या, पोतं तिथंच होतं.’’ सुनीलनं गिऱ्हाइकाला सुटे देत विचारलं, कोणतं पोतं? ‘‘अबे, तिथंच होतं ना,’’ काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. उठून पाटीपाशी गेल्या आणि पदरानं ती आडवी पुसली. गोळी, किल्ली, गॅस, सगळं. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो आणि माझ्या पापानं काकूंना जणू बक्षीस लागलं होतं.

मग हसू थांबलं. त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘जोयाचेबी गेले?’’

‘‘गेले.’’

त्या पुन्हा पाटावर बसल्या. ‘‘चार वर्सं मी माह्या डोक्याले दोस देत राह्यली,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘तुमाले इचारलं होतं मी. तीन खेपा.’’

‘‘हो काकू.’’

‘‘मले तुमचा राग आला हाये. लय आला हाये. पन आता मले काम हाये, राग मंग काढीन. तुमी जाऊ नका.’’

काम कसलं, ते मला कळेना. त्यांनी मला विचारलं, मी का आलो आत्ताच, चार वर्षांनी? मी जोयाचं सांगितलं, भावाचं सांगितलं, व्हरांड्यातल्या टेबलाचं सांगितलं. त्यानं दातांचा प्रश्न विचारला, हेही. काकू एकदम पुढे वाकल्या.

‘‘त्याचा समोरचा पडला असन.’’

मी आठवून पाहिलं. वरच्या रांगेत फट होती खरी. चार हातांवरून बोललो होतो मी त्याच्याशी, आणि ती आत्ता मला दिसली.

‘‘आन तुमी त्याले कोणतं देल्लं?’’

‘‘हाताला लागलं ते.’’

काकूंनी माझ्याकडे बाजारात नासकं वांगं बघावं तसं पाहिलं. अर्धा झालेला हार त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला, सुई हातात दिली. ‘‘हे पुरं करा. बाराले लग्नवाला येते. एक पांढरं, दोन पिवळे. आडवं टोचू नका, फूल फाटते.’’ चपला घालता घालता सुनीलला विचारलं, ‘‘रविवारी अमरावतीची सकाळची गाडी कवा असते रे?’’

‘‘सहा वाजता. पन आई, तुले कोणी सोबत पाह्यजे.’’

‘‘काहून? मले काय झालं?’’

आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या. समोर शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. काकू चार वर्षं त्याच्यासमोर बसत होत्या आणि एकदाही त्याची पायरी चढल्या नव्हत्या, असं सुनील म्हणाला. मी आडवं टोचलेलं एक फूल त्यानं काढून टाकलं.

ऑटोंच्या मधून मला काकू दिसत होत्या. दुकानदारानं आधी गल्ल्यावरूनच एक पुस्तक पुढे सरकवलं. काकूंनी पान उन्हात धरलं आणि परत दिलं. त्यानं दुसरं दिलं, तेही परत आलं. तिसऱ्याला तो वाद घालू लागला. काकू हातवारे करून काहीतरी समजावत होत्या, आणि त्यांच्या मागे दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून ऐकत उभी राहिली होती. दुकानदारानं कपाळाला हात लावला, मग आतून शिडी आणली आणि वरच्या फळीवर चढला. काकू खाली उभ्या राहून त्याला बोटानं दाखवत होत्या, त्याच्या पलीकडचं, नाही, त्याच्याही पलीकडचं.